विंडोजवर हात बसलेल्यांना लिनक्स शिकवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विंडोज 10 चा आधार मायक्रोसॉफ्टने 14 ऑक्टोबर 2025 ला थांबवला. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 ही सुरक्षेची चिप लागते, आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा हवा. त्यामुळे घराघरांत आणि छोट्या ऑफिसांत चांगली चालती मशीनं अडून बसली. त्यांवर विंडोजच्या जागी लिनक्स ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम टाकणं हे तासाभराचं काम आहे. वीस-वीस वर्षं विंडोज वापरलेल्या माणसाला त्यावर बसवणं हे खरं काम. गेली काही वर्षं मी ते करते आहे. हे प्रश्न शिकणाऱ्यांनी आणि त्यांना मदत करणाऱ्या मुला-भाच्यांनी, ऑफिसातल्या सहकाऱ्यांनी मला पुन्हा पुन्हा विचारले आहेत. उत्तरं मदत करणाऱ्याला उद्देशून लिहिली आहेत.

यांना तर कॉम्प्युटर चांगला येतो. मग नवशिक्यापेक्षा यांनाच जास्त त्रास का होतो?

नवशिका विचारतो, अनुभवी माणूस अंदाज करतो. त्याचा अंदाज बहुतेक वेळा बरोबरही येतो. कंट्रोल+एस ने सेव्ह होतं, कंट्रोल+झेड ने मागे जाता येतं, एफ2 ने नाव बदलतं, ऑल्ट+टॅब चालतं. इतकं सगळं चालल्यावर उरलेलंही तसंच असणार असं हात गृहीत धरतात. मग एखाद्या ठिकाणी अंदाज चुकतो, आणि तो इतक्या खात्रीने केलेला असतो की चूक नेमकी कुठे झाली ते त्याला उलगडत नाही. नवशिक्याची चूक पायरीवर असते, याची गृहीतकात असते.

दुसरी गोष्ट मानाची आहे. माझ्याकडे एक डीटीपी करणारे गृहस्थ आले होते. पेजमेकरपासून या धंद्यात, लग्नपत्रिका आणि अहवाल डोळे मिटून लावणारे. पहिल्या दिवशी त्यांना एक फाइल सापडेना. पाच-सात मिनिटं ते गप्प शोधत राहिले, मी शेजारी असूनही विचारलं नाही. निघताना म्हणाले, "बावीस वर्षं लोक मला विचारायचे. आज मला विचारावं लागलं." हे वाक्य मी विसरलेले नाही. शिकवताना समोरच्याला लिनक्स येत नाही एवढंच दिसत राहतं. त्याला काय काय येतं हेही तुम्हाला दिसलं पाहिजे, आणि ते बोलून दाखवलं पाहिजे. फाइल म्हणजे काय, फोल्डर म्हणजे काय, झिप कशी करायची, प्रिंट अडकली की रांग कशी साफ करायची, हे त्याला पक्कं माहीत आहे. बदलली आहेत ती नावं, जागा आणि काही मोजके नियम. ते नियम आधी सांगून टाकले तर निम्मा त्रास वाचतो. पुढचे बरेचसे प्रश्न त्या नियमांचेच आहेत.

सुरुवात कशाने करायची?

लिनक्सने करू नका. एक कागद घ्या आणि त्या माणसाला गेल्या आठवड्यात मशीनवर काय काय केलं ते विचारा. बँकेचं स्टेटमेंट काढलं, एक्सेलमध्ये सोसायटीचा हिशेब केला, नातवाचे फोटो फोनमधून घेतले, वीजबिल भरलं, मराठीत अर्ज टाइप केला. हीच यादी तुमचा अभ्यासक्रम. त्यातलं प्रत्येक काम नव्या मशीनवर त्यांच्या हाताने, त्यांच्याच फाइलवर एकदा करून घ्या. यादीत नसलेलं पहिले पंधरा दिवस शिकवू नका, तुम्हाला ते कितीही आवडत असलं तरी.

त्या यादीत ब्राउझरमध्ये होणारी कामं किती आहेत हे मोजलं की त्यांचा जीव भांड्यात पडतो. फायरफॉक्स किंवा क्रोम दोन्हीकडे सारखंच दिसतं.

कोणतं लिनक्स द्यावं?

लिनक्सचे बरेच प्रकार आहेत. विंडोजवरून येणाऱ्याला मी त्यातलं लिनक्स मिंट देते, सिनॅमन डेस्कटॉपसह, म्हणजे पडद्यावरच्या त्या मांडणीसह. खाली पट्टी, डावीकडे मेनू, उजवीकडे घड्याळ. डोळ्यांना ओळखीचं वाटतं. मिंटची 22 ही मालिका उबुंटू 24.04 या दुसऱ्या लिनक्सवर उभी आहे आणि तिला एप्रिल 2029 पर्यंत आधार आहे. कमीत कमी 2 जीबी रॅम लागते, 4 जीबी असेल तर सुखाने चालतं. मशीन फारच जुनं असेल तर मिंटचीच एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती घ्या.

तुम्ही स्वतः दुसरं काही वापरत असाल आणि फोनवर मदत तुम्हीच करणार असाल, तर मात्र तुम्ही वापरता तेच द्या. मदत करणाऱ्याच्या डोळ्यांसमोर तीच स्क्रीन असणं फार मोलाचं आहे.

माझा डी ड्राइव्ह कुठे गेला?

हा प्रश्न प्रत्येकजण विचारतो, आणि याचं उत्तर घाईत दिलं तर पुढचे सहा महिने तो वेगवेगळ्या रूपांत परत येतो. म्हणून इथे वेळ द्या.

विंडोजमध्ये सी, डी, ई ही वेगवेगळी घरं आहेत, प्रत्येकाला स्वतःचं दार. लिनक्समध्ये एकच वाडा आहे आणि त्याला एकच दिंडी दरवाजा. त्या दरवाजाचं चिन्ह म्हणजे / ही तिरकी रेघ. डिस्क कितीही असोत, पेनड्राइव्ह लावा, जुना हार्डडिस्क जोडा, सगळे त्याच वाड्यातल्या खोल्या होतात. तुमची स्वतःची खोली 'होम' नावाच्या सोप्यात, तुमच्या नावाने. पेनड्राइव्ह 'मीडिया' या खोलीत येऊन बसतो. बाकीच्या खोल्या यंत्रणेच्या, तिथे रोज जायचं कारण नाही.

रेघ उलटी का, असंही विचारतात. लिनक्स युनिक्सच्या वळणावर वाढलं, आणि युनिक्समध्ये सुरुवातीपासून / हीच रेघ होती. डॉसच्या पहिल्या आवृत्तीत फोल्डर नव्हतेच, आणि ही रेघ कमांडच्या पर्यायांसाठी वापरली जात होती. 1983 मध्ये डॉस 2.0 मध्ये फोल्डर आले तेव्हा ती जागा भरलेली होती, म्हणून उलटी रेघ घेतली गेली. अनुभवी माणसाला असं कारण कळलं की ती गोष्ट त्याच्या डोक्यात बसते. नुसतं "इथे असंच असतं" म्हणालात तर बसत नाही.

आता डी ड्राइव्हकडे. आपल्याकडे लोक सगळं महत्त्वाचं डी मध्ये ठेवतात, कारण सी फॉरमॅट मारला तरी डी शाबूत राहतो हे त्यांनी अनुभवाने शिकलेलं असतं. ही सवय शहाणपणाची आहे आणि तसं त्यांना सांगा. लिनक्समध्ये तेच साधायचं असेल तर इन्स्टॉल करतानाच 'होम'साठी वेगळं पार्टिशन, म्हणजे डिस्कचा वेगळा भाग, करा. उद्या यंत्रणा नव्याने टाकावी लागली तरी ते पार्टिशन फॉरमॅट न करता पुन्हा जोडता येतं.

जुना डी तसाच ठेवायचा असेल तर तोही वाचता-लिहिता येतो. 'डिस्क्स' या प्रोग्रॅममध्ये त्या पार्टिशनला 'डी' असं लेबल द्या, मशीन सुरू होतानाच ते जोडलं जाईल अशी खूण करा, आणि त्यांचं नेहमीचं फोल्डर ओढून फाइल मॅनेजरच्या डाव्या पट्टीत टाका. 'डी' हे अक्षर पट्टीत दिसलं की मी कित्येकांच्या खांद्यावरचा ताण उतरताना पाहिला आहे.

जाता जाता दोन नियम. रोमन लिपीत मोठं आणि लहान अक्षर लिनक्सला वेगळं दिसतं. मोठ्या बी ने सुरू होणारं 'बिल' आणि लहान बी ने सुरू होणारं 'बिल' या दोन स्वतंत्र फाइली आहेत, एकाच फोल्डरमध्ये शेजारी शेजारी राहू शकतात. नावं देवनागरीत दिली तर हा प्रश्नच येत नाही. आणि नावाच्या सुरुवातीला टिंब असलेली फाइल लपलेली असते. कंट्रोल+एच दाबलं की दिसते, पुन्हा दाबलं की लपते.

सेटअपची फाइल डाउनलोड केली, डबल क्लिक केलं, काहीच होत नाही. का?

कारण ती ईएक्सई फाइल विंडोजची आहे. तपासायला गेलात तर डाउनलोडच्या फोल्डरमध्ये अशा चार-पाच फाइली सापडतील. गूगलवर शोधायचं, डाउनलोड करायचं, नेक्स्ट-नेक्स्ट करायचं हा रस्ता हातात इतका मुरलेला आहे की तोंडी सांगून तो सुटत नाही.

फोनमधल्या प्ले स्टोअरची आठवण करून द्या. मिंटमध्ये 'सॉफ्टवेअर मॅनेजर' आहे, तिथे नाव टाकायचं आणि 'इन्स्टॉल' दाबायचं. अपडेटसुद्धा सगळ्या सॉफ्टवेअरचे एकाच ठिकाणी येतात. खाली उजवीकडे ढालीचं चिन्ह दिसतं, तिथून. मधल्या कामात मशीन आपणहून रीस्टार्ट होत नाही, हे मुद्दाम दाखवा. ऐन बिलाच्या वेळी 'अपडेट चालू आहे, बंद करू नका' बघत बसलेल्या दुकानदाराला याची किंमत कळते.

कॉपी झाली असं दिसलं, पण पेनड्राइव्ह दुसरीकडे लावला तर फाइल उघडत नाही.

हे माझ्या हातून घडलेलं आहे, म्हणून सविस्तर सांगते. एका ओळखीच्यांच्या मुलीची लग्नपत्रिका. पीडीएफ तयार, पेनड्राइव्हवर टाकली, कॉपीची पट्टी भरली आणि नाहीशी झाली. मी त्यांना म्हणाले, "झालं काका, काढा." त्यांनी ओढून काढला. ते गावातल्या छापखान्यात पोचले तर फाइल अर्धवट. परत यायला दीड तास, आणि त्या दिवशीची छपाई गेली. त्यांनी मला एका शब्दाने बोल लावला नाही, पण चूक माझी होती.

लिनक्स पेनड्राइव्हवर लिहायचं बरंचसं काम आधी मेमरीत घेतं आणि मग सावकाश उतरवतं. त्यामुळे पट्टी संपली तरी लिहिणं चालू असू शकतं. विंडोज 10 च्या 2018 मधल्या आवृत्तीपासून पेनड्राइव्ह नुसता ओढून काढला तरी चालावा अशी सेटिंग मुळातच असते, म्हणून लोकांची 'इजेक्ट' करायची सवय मोडली आहे. इथे ती पुन्हा लावावी लागते. फाइल मॅनेजरमध्ये पेनड्राइव्हच्या नावापुढे बाणाचं छोटं चिन्ह असतं. ते दाबायचं, 'आता काढायला हरकत नाही' असा निरोप येईपर्यंत थांबायचं, मगच हात लावायचा. हे मी आता पहिल्याच दिवशी तीनदा करून घेते.

कीबोर्डच्या कोणत्या सवयी अडचणीत आणतात?

बहुतेक सवयी चालतात. ज्या चालत नाहीत त्या अशा. विंडोज+एल दाबून स्क्रीन लॉक करायची सवय असेल तर सिनॅमनमध्ये त्या कळांनी डेव्हलपरांसाठीची एक खिडकी उघडते आणि माणूस घाबरतो. लॉक करायला कंट्रोल+ऑल्ट+एल आहे. तुम्ही आधीच कीबोर्डच्या सेटिंगमध्ये जाऊन विंडोज+एल ला लॉक जोडून द्या. सवय बदलण्यापेक्षा सेटिंग बदलणं स्वस्त. कंट्रोल+ऑल्ट+डिलीट ने टास्क मॅनेजर येत नाही, लॉग आउटचा प्रश्न येतो. अडकलेला प्रोग्रॅम बंद करायला 'सिस्टिम मॉनिटर' मेनूत आहे.

एक गोष्ट उलट बक्षिसासारखी आहे. मजकूर नुसता माउसने निवडा, दुसरीकडे जाऊन माउसचं चाक दाबा, मजकूर तिथे उमटतो. दिवसभर कॉपी-पेस्ट करणाऱ्याला हे एकदा दाखवा.

टर्मिनल शिकवायलाच हवं का?

टर्मिनल म्हणजे कमांड टाइप करायची खिडकी. रोजच्या कामाला ती नको. पण शिकणारा पन्नाशीच्या पुढचा असेल तर त्याला विचारून बघा. नव्वदच्या दशकात कॉम्प्युटर क्लासला गेलेली पिढी डॉसवरच शिकली. एका निवृत्त बँक कर्मचाऱ्यांनी टर्मिनल उघडल्याबरोबर स्वतःहून 'डीआयआर' टाइप केलं, आणि यादी आली. लिनक्समध्ये ती कमांड खरोखरच आहे. त्यांचा चेहरा उजळला. मग त्यांनी एक फोल्डर मागे जायला 'सीडी' आणि दोन टिंबं सलग टाइप केली, तिथे मात्र चूक दाखवली. डॉसमध्ये मधली जागा नसली तरी चालायचं, इथे 'सीडी' नंतर जागा सोडावीच लागते. तेवढं कळलं आणि ते अर्धा तास एकटेच रमले.

सावध करायच्या गोष्टी तीन. टर्मिनलमध्ये कंट्रोल+सी म्हणजे चालू काम थांबवणं, कॉपीला कंट्रोल+शिफ्ट+सी. 'आरएम' ने पुसलेली फाइल कचरापेटीत जात नाही, गेली ती गेली. आणि पासवर्ड टाइप करताना उबुंटू 24.04 मध्ये स्क्रीनवर टिंबसुद्धा उमटत नाही, त्यामुळे कीबोर्ड बिघडला असं वाटतं. मिंटमध्ये निदान तारे दिसतात.

'सुडो' म्हणजे काय, याला माझं उत्तर ठरलेलं आहे: तुमच्याच मशीनवर तुम्ही क्षणभर साहेबाची सही करता. म्हणून इंटरनेटवर दिसलेली कमांड 'सुडो'सकट आंधळेपणाने चिकटवू नका.

मराठी टायपिंगचं काय?

कागदावरच्या यादीत मराठी असेल तर दुसरं काही शिकवण्याआधी हे लावून द्या. मराठी उमटलं नाही तर बाकी सगळं चांगलं असूनही मशीन परत जातं.

आधी ते कोणत्या पद्धतीने टाइप करतात ते विचारा. इनस्क्रिप्टवाले सगळ्यांत सुखी. इनस्क्रिप्ट ही भारत सरकारने ठरवलेली प्रमाण मांडणी आहे, त्यामुळे विंडोजवर जी बोटं जातात तीच इथे जातात. 'दुसऱ्या' हा शब्द टाइप करायला सांगा. ओ, जी, एम, मग शिफ्टसकट जे, डी, तिरकी रेघ, ई. ऱ्या बरोबर उमटला की त्यांना पुढे काही समजवावं लागत नाही. रोमन उच्चाराप्रमाणे टाइप करणाऱ्यांना आयबस या टायपिंगच्या प्रोग्रॅममध्ये एम17एन या संचातल्या मराठी फोनेटिक किंवा आयट्रान्स पद्धती आहेत. त्या गूगलच्या इनपुटसारख्या शब्द सुचवत नाहीत, प्रत्येक अक्षर ठराविक कळांनीच येतं. हे आधी सांगितलं नाही तर "बिघडलंय" असं ऐकू येतं. रेमिंग्टनवर, म्हणजे जुन्या टाइपरायटरच्या मांडणीवर, हात बसलेल्यांसाठी एम17एन मध्ये हिंदीची रेमिंग्टन मांडणी आहे, पण त्यांच्या सवयीच्या मराठी मांडणीशी ती कळ न् कळ जुळते का, हे त्यांना शेजारी बसवून एकेक अक्षर तपासा. भाषा बदलायची कळ त्यांची जुनीच ठेवा, ऑल्ट+शिफ्ट सेटिंगमध्ये मिळतं.

आता फॉन्ट. जुन्या फाइली श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या फॉन्टमध्ये असतील तर इथे उघडल्यावर रोमन अक्षरांची खिचडी दिसेल. फाइल खराब झालेली नसते. त्या फॉन्टमध्ये मुळात रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे आकार बसवलेले आहेत, आणि तो फॉन्ट नसला की खालचं रोमन उघडं पडतं. मजकूर पुढे वापरायचा असेल तर तो युनिकोड या सगळीकडे चालणाऱ्या प्रमाण पद्धतीत बदलून घ्या, आणि बदलल्यावर रफार, जोडाक्षरं आणि पहिली वेलांटी डोळ्यांखालून घाला. तिथेच चुका राहतात.

युनिकोडमधल्या फाइली वाचता येतात, पण पानं हलतात. ऑफिसचे बहुतेक मराठी अर्ज मंगल फॉन्टमध्ये असतात. मंगल विंडोजबरोबर येतो, लिनक्सबरोबर येत नाही. त्याच्या जागी लोहित किंवा नोटो देवनागरी लागतो आणि दोन पानांचा अर्ज सव्वादोन पानांचा होतो. दुसऱ्याकडे पाठवायचा कागद शेवटी पीडीएफ करूनच पाठवायचा, ही सवय लावा. आणि लिबरऑफिसमध्ये ऑप्शन्समधल्या भाषांच्या भागात 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट'वर खूण करा. त्यानंतर देवनागरीचा फॉन्ट आणि आकार रोमनपासून वेगळा ठरवता येतो. हे माहीत नसल्यामुळे "मी आकार 14 केला तरी मराठी लहानच येतं" ही तक्रार मी फार वेळा ऐकली आहे.

मेनू मराठीत ठेवावेत की इंग्रजीत?

त्यांना विचारा. मला वाटतं अनुभवी माणसाला सुरुवातीला इंग्रजी मेनू सोपे जातात, कारण 'सेव्ह ॲज' हा शब्द त्याच्या हाताशी जोडलेला आहे, 'असे जतन करा' नाही. मराठी मेनू चांगले आहेत आणि नव्याने शिकणाऱ्या मुलांना मी तेच देते. एकाच वेळी यंत्रणाही नवी आणि शब्दही नवे, असा दुहेरी भार मात्र टाकू नये.

टॅली, फोटोशॉप, कोरलड्रॉ चालेल का?

खरं सांगा. टॅलीप्राइम विंडोजसाठी आहे. फोटोशॉप आणि कोरलड्रॉ विंडोज आणि मॅकसाठी आहेत. वाइन नावाचा थर विंडोजचे बरेच प्रोग्रॅम लिनक्सवर चालवतो. त्याचं काम 1993 पासून सुरू आहे आणि पहिली पक्की 1.0 आवृत्ती 2008 मध्ये आली, यावरून ते किती अवघड काम आहे हे कळावं. एखादा जुना छोटा प्रोग्रॅम त्यावर उत्तम चालतो. ज्याच्यावर पोट आहे तो प्रोग्रॅम वाइनच्या भरवशावर ठेवू नका.

पर्याय सुचवताना "हे फोटोशॉपसारखंच आहे" असं कधीही म्हणू नका. जिंप फोटोशॉपसारखं नाही. दोन्ही फोटोवर काम करतात, रस्ते वेगळे आहेत. ज्याला रोज ऑफसेटला फाइल द्यायची आहे त्याला सीएमवायके ही छपाईची रंगपद्धत लागते. ती स्क्रायबस या पानं लावायच्या प्रोग्रॅममध्ये आहे, जिंप मुळात आरजीबी या पडद्याच्या रंगपद्धतीत काम करतं. चित्ररेखाटनाला इंकस्केप खरोखर चांगलं आहे. एक्सेलच्या साध्या शीट लिबरऑफिसमध्ये व्यवस्थित उघडतात, मॅक्रो असलेल्या शीटची खात्री देता येत नाही.

ज्याचं काम याच प्रोग्रॅमवर आहे त्याच्यासाठी विंडोज ठेवा, वेगळ्या मशीनवर किंवा व्हर्च्युअलबॉक्समध्ये, म्हणजे लिनक्सच्या आत दुसरी सिस्टिम चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये. डिजिटल सहीच्या टोकनचंही तसंच: ते बनवणाऱ्या कंपनीने लिनक्सचा ड्रायव्हर दिला आहे का, हे मशीन बदलण्याआधी बघा. जीएसटीची शेवटची तारीख उद्यावर आल्यावर नको.

प्रिंटर?

अलीकडचे वायफाय प्रिंटर बहुधा ड्रायव्हर न टाकताच सापडतात. एचपीसाठी एचपीलिप हा ड्रायव्हरचा संच आहे. कॅनॉनचा एलबीपी 2900, जो आपल्याकडे कितीतरी ऑफिसांत आहे, तो कॅप्ट ही स्वतःचीच भाषा बोलतो, त्यामुळे लिनक्सवर तो लावणं जिकिरीचं जातं. इन्स्टॉल करण्याआधी पेनड्राइव्हवरून लिनक्स नुसतं चालवून एक पान छापून बघता येतं. तसंच करा.

अँटिव्हायरस कोणता टाकायचा?

घरच्या वापराला वेगळा टाकायची गरज पडत नाही. अपडेट वेळेवर करा, सॉफ्टवेअर मॅनेजरच्या बाहेरून काही टाकू नका. ओटीपी मागणाऱ्या फोनपासून कोणतीही ऑपरेटिंग सिस्टिम वाचवत नाही, तेवढं मात्र सांगा.

विंडोज आणि लिनक्स एकाच मशीनवर ठेवलं. आता विंडोजचं घड्याळ साडेपाच तास मागे का जातं?

मदरबोर्डवरचं घड्याळ विंडोज स्थानिक वेळ समजून वाचतं. लिनक्स त्यावर जागतिक प्रमाणवेळ लिहून ठेवतं आणि दाखवताना आपले साडेपाच तास मिळवतं. म्हणून लिनक्स बंद करून विंडोज उघडलं की दुपारचे चार साडेदहा दिसतात. लिनक्समध्ये 'टाइमडेटसीटीएल' या कमांडने हार्डवेअरचं घड्याळ स्थानिक वेळेवर ठेवता येतं.

दोन्ही ठेवणार असाल तर विंडोजमधलं 'फास्ट स्टार्टअप' आधी बंद करा. ते चालू असलं की विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धं झोपतं, आणि मग लिनक्समधून त्याच्या डिस्क फक्त वाचता येतात. "कालपर्यंत डी मध्ये सेव्ह होत होतं, आज होत नाही" याचं कारण बहुधा हेच.

काही बिघडलं तर?

मिंटमध्ये टाइमशिफ्ट आहे. विंडोजच्या सिस्टिम रिस्टोअरसारखं, आणि भरवशाचं. पहिल्याच दिवशी चालू करा. पण ते यंत्रणेचे फोटो काढतं, तुमच्या कागदपत्रांचे नाही. होम फोल्डर ते आपणहून घेत नाही. कागदपत्रांचा बॅकअप बाहेरच्या डिस्कवर वेगळाच. हा फरक त्यांना समजला आहे का, ते त्यांच्याच शब्दांत सांगायला लावा.

शेजारी बसून शिकवताना काय पाळायचं?

माउसला हात लावायचा नाही. हे सगळ्यांत अवघड आहे, कारण तुम्हाला जे दोन सेकंदांत दिसतं ते शोधायला त्यांना दोन मिनिटं लागतात. तुम्ही करून दाखवलंत तर ते डोळ्यांत राहतं, बोटांत जात नाही.

"हे तर सोपं आहे" म्हणू नका. अडलेल्याला ते टोचतं. त्यांनी विंडोजच्या नावाने विचारलं तर विंडोजच्या नावानेच उत्तर सुरू करा: "कंट्रोल पॅनेल ना? इथे त्याला सिस्टिम सेटिंग्ज म्हणतात." आणि लिनक्सचं कौतुक आवरतं घ्या. 1991 मध्ये लिनस टोरवाल्ड्सने काय केलं याची गोष्ट सुंदर आहे, पण ज्याची फाइल सापडत नाही त्याला ती ऐकवू नये.

फोनवर मदत करताना "काय एरर आला?" असं विचारलं की "काहीतरी इंग्रजीत आलं होतं, मी बंद केलं" असं उत्तर मिळतं. अनुभवी माणसं संदेश वाचायच्या आतच ओके दाबतात. विंडोजने वर्षानुवर्षं तीच सवय लावली आहे. खिडकी बंद न करता तिचा फोटो काढून पाठवा, एवढी एकच अट घाला.

पंधरा दिवसांनी ते म्हणाले, मला परत विंडोज द्या. काय करू?

द्या. आधी नेमकं कशामुळे अडलं ते विचारा आणि लिहून ठेवा. खूपदा कारण एकच असतं आणि दहा मिनिटांत सुटण्यासारखं असतं. सुटत असेल तर सोडवून दाखवा आणि आणखी एक आठवडा मागा. सुटत नसेल तर वाद न घालता जुनं मशीन होतं तसं करून द्या. म्हणूनच लिनक्स टाकण्याआधी विंडोजसकट पूर्ण डिस्कची प्रत काढून ठेवायची असते.

सुरुवातीला सांगितलेले डीटीपीवाले गृहस्थ पत्रिकांसाठी विंडोजकडेच परतले, कारण त्यांच्या सगळ्या जुन्या फाइली कोरलमध्ये आहेत. दुकानातलं दुसरं मशीन, जिथे बिलं, मेल आणि गिऱ्हाइकांचे पेनड्राइव्ह उघडणं चालतं, ते मिंटवर आहे. ते आता त्यांचा मदतनीस मुलगा वापरतो, आणि पेनड्राइव्ह नीट काढायला त्याला त्यांनीच शिकवलं.